धुतलेले हातमोजे

इस्त्रीमास्तरांचं डोकं कायम तापलेलं. पण पिवळ्या क्लबच्या जर्सी हातात आल्या की माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा. बावीस वर्षं त्या क्लबचे कपडे त्यांच्याच लाँड्रीत धुतले गेले. लाल क्लबची जर्सी कुणी चुकून टाकून गेलाच, तर ती दोन बोटांत धरून परत. असलं वेड, काय बोलणार!

एकच गोष्ट ते धूत नसत, गोलकीपरचे हातमोजे. मोसम संपेपर्यंत त्यांना पाणी लावायचं नाही, नशीब वाहून जातं, असा क्लबचा नेम. मोज्यांच्या वासानं माणूस चक्कर येऊन पडेल, पण नेम म्हणजे नेम.

शेवटच्या सामन्याआधी मास्तरांना ताप भरला. त्या ग्लानीत त्यांनी पिशवी न बघताच मशीनमध्ये उलटी केली, आणि मोजे बाहेर आले ते लख्ख. मोजे वाळवून, मातीत चोळून त्यांनी गुपचूप पोचवले. सामन्यात साधा फटका कीपरच्या हातून निसटला, पिवळे हरले आणि खालच्या गटात घसरले.

दोन दिवस मास्तरांनी ते मनातच ठेवलं. शेवटी मन मोकळं केलं ते दाजींपाशी, धाकट्या बहिणीच्या नवऱ्यापाशी. दाजी लाल क्लबचे कट्टर, पण घरात त्यावरून कधी वाकडा शब्द नाही. मोज्यांमुळे कुठे गोल होतात होय, म्हणत दाजींनी पाठीवर हात ठेवला. मास्तरांना खरंच हलकं वाटलं.

रविवारी लालवाल्यांची मिरवणूक निघाली, पिवळ्यांची टर उडवत. पुढे दोरीवर ओले हातमोजे, मागे बादल्या बडवणारी पोरं. लाँड्रीपुढे थांबून त्यांनी साबणाचा खोका पायरीवर ठेवला आणि मोसमातला आमचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मास्तरांना पुकारलं. रस्ता हसून बेजार झाला. कोपऱ्यावरचे पिवळेवाले मात्र हसले नाहीत, आणि मास्तरांना तेच जास्त झोंबलं. संध्याकाळी क्लबचे सेक्रेटरी आले, जर्सींच्या पिशव्या उचलल्या, खेळाडू ऐकत नाहीत हो, एवढंच पुटपुटले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाजींच्या दारात. चारचौघांत तोंडून निसटलं, जरा गंमत केली पोरांनी, असं दाजी सांगायला लागले.

"मी लालवाल्याला नव्हतं सांगितलं, दाजी. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांगितलं होतं."

दाजी चिडले. क्लब म्हटल्यावर एवढं चालायचंच, म्हणाले. तुमच्या हाती असं काही लागलं असतं, तर तुम्ही सोडलं असतं का?

मास्तरांना ती जुनी गोष्ट आठवली. सहा वर्षांपूर्वी, दोन्ही क्लबांच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, ह्याच दाजींनी काळजीनं सांगितलं होतं, की लाल कप्तानाचा डावा गुडघा गेलाय, नुसता पट्टी बांधून उभा राहणार आहे. सामन्याच्या सकाळी मास्तर जर्सी पोचवायला गेले, सगळा संघ समोर बसला होता, एक शब्द पुरे होता. त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. पिवळे एका गोलनं हरले.

"कप्तानाचा गुडघा," मास्तर म्हणाले. "सोडलं होतं मी."

दाजींचा चेहरा उतरला.

"तुम्ही बोलणार नाही, हे ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं होतं."

बहीण पाणी घेऊन आली, तोवर मास्तर जिना उतरून गेले होते.