मशीनच्या कपाळावर कुंकू

आता काय सांगू तुम्हाला, खरं तर सांगायचंच नाहीये! पप्पांनी बजावलंय. पण तुम्ही काही अंबडच्या एमआयडीसीत जाऊन बोलणार नाही ना? मग ऐका.

आमचा छोटा कारखाना. आधी द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे नोझल बनायचे. आता पप्पांना ड्रोनचे सुटे भाग बनवायचेत. त्यासाठी तपासणीचं नवं मशीन आणलं. त्याच्या कॅमेऱ्यासमोर भाग ठेवायचा. चांगला असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल.

दसऱ्याला यंत्रपूजा माझ्याकडे असते. मी वर्गात 'हजर'सुद्धा हळूच म्हणते, पण पूजा अगदी नीट करते. सगळ्या मशीनना कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. नव्या मशीनचं कपाळ मात्र सापडेना. वर मधोमध एक छान गोल काच होती. लावलं बरोब्बर मध्यभागी!

दुसऱ्या दिवशी ड्रोन कंपनीचे साहेब आले. ऑर्डर मिळाली तर ड्रोन, नाहीतर आमचे पुन्हा पंपच!

आमचे जुने कारागीर सलीमचाचा, त्यांनी मशीनसमोर भाग ठेवला. लाल.

"पुसून ठेवा, चाचा," पप्पा म्हणाले.

पुसला. लाल! दुसरा ठेवला. लाल!!

"कल तक तो एकदम बरोबर चालत होती, शेठ. कुणाची नजर लागली!"

नजर? माझी नजर त्या काचेवर गेली आणि मी पप्पांची बाही ओढली.

"पप्पा…"

"थांब गं जरा."

"पप्पा, ते कुंकू…"

शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. माझा आवाज तो काय ऐकू देणार!

शेवटी साहेबांनी खिशातून स्वतःच्या कंपनीचा, पास झालेला भाग काढला. "हा ठेवा."

लाल!

पप्पांचा चेहरा उतरला. मी सगळा जीव एकवटून ओरडले, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर बंद पडला.

"कपाळावर कुंकू आहे!"

साहेबांनी दचकून स्वतःचं टक्कल चाचपलं. चाचांनी तोंडात रुमाल कोंबला. मी कॅमेऱ्याच्या काचेकडे बोट दाखवलं. त्या बोटाच्या नखातही कुंकू होतं.

साहेब वाकले, बघितलं आणि खो खो हसत सुटले. "नीट दिसत नसताना पास करणारी माणसं पुष्कळ पाहिली. तुमचं मशीन प्रामाणिक आहे हो!"

काच पुसली. हिरवा, हिरवा, हिरवा! ऑर्डर मिळाली.

तेव्हापासून पप्पा सगळ्यांना सांगतात, "ती टेस्ट आम्ही मुद्दाम घेतली होती." म्हणून तर ही गुप्तता! आणि आज दुसऱ्या कंपनीचे लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर ही टेस्ट घेणारी आमच्या कारखान्यातली एकमेव तज्ज्ञ म्हणजे…

"जान्हवी! पाहुणे आले गं! कुंकवाचा करंडा घेऊन ये, आणि आज जरा बारीक लाव!"

आले, पप्पा! तर मी काय म्हणत होते, ती तज्ज्ञ म्हणजे मीच!