खाली 'साभार' छापलं होतं

घाटकोपरच्या एका छोट्या साप्ताहिकात मी उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे मी एकटीच. वर संपादक, खाली छापखान्यात खिळे जुळवणारे दोन कंपोझिटर, आणि दर आठवड्याला आठ पानं. बातम्या सहा पानांच्या पुढे कधी जायच्या नाहीत. उरलेली दोन पानं कात्रीनं भरायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. कुठल्या तरी मासिकातला, दिवाळी अंकातला मजकूर उचलायचा, जागेपुरता छाटायचा आणि खाली 'साभार' छापायचं. तो शब्द छापला की सगळं रीतसर झालं, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. उलट आपण लेखकाचा मानच राखतोय असं वाटायचं.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वाकोल्याच्या एका चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका आमच्याकडे आली. सराफ, टेलर, क्लासवाले यांच्या जाहिरातींच्या गर्दीत दीड पानाचा एक लेख होता. लिहिणारी त्याच चाळीतली मुलगी. तिचे वडील गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे मागावर होते. संपानंतर त्यांना परत घेतलंच नाही. तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे. पुढे अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. गणवेश घरी आला, तेव्हा त्यांनी आधी बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "सूत बरा आसा." तिथेच लेख संपत होता.

मी तो दोनदा वाचला आणि मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. "घ्या की मॅडम, विचारताय काय! मंडळाचंही नाव होईल," तो म्हणाला. झाली परवानगी, असं मला वाटलं.

पण पानात आठ-दहा ओळी जास्त होत होत्या. शिवाय शेवट मला अर्धवट वाटला. सूत बरं आहे, बरं मग? मी गणवेशाचा परिच्छेद काढला आणि त्या जागी स्वतःचं एक वाक्य घातलं : 'त्या दिवशी मी बाबांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी पाहिलं.' मला ते फार सुंदर वाटलं. वर तिचं नाव, खाली 'साभार', आणि पान छपाईला गेलं.

अंक निघाल्यावर चार दिवसांनी, दुपारी, ती ऑफिसात आली. माझ्याच वयाची, चोवीस-पंचविशीची. अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होती, अर्धी रजा टाकून आली होती. मी हसून खुर्ची पुढे केली. वाटलं, आभार मानायला आली असणार.

"हे तुम्ही छापलंत?" तिनं अंक टेबलावर ठेवला.

"हो. मस्त लिहिलंयस गं."

"शेवटचं वाक्य माझं नाहीये."

मी जागेची अडचण सांगायला लागले. तिनं पर्समधून लेखाची कार्बन कॉपी काढली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "बाबांच्या केबिनमध्ये कुणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. पाळीवरचे सगळे होते. मग म्हणाले, काय हो, वॉचमन झालात म्हणून रडलात? बाबा घरी आले आणि मला एवढंच विचारलं, तू असा कशाक लिवलंस? आता मी त्यांना काय सांगू? नाव तर माझंच आहे ना."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला भांडता तरी आलं असतं. "मंडळाला विचारलं होतं," मी म्हटलं.

"मला कुठे विचारलंत?" ती म्हणाली आणि निघून गेली. कार्बन कॉपी माझ्या टेबलावरच राहिली.

संपादक म्हणाले, "जाऊ दे गं. आपल्या एवढ्याशा पेपरावर कोण केस करतंय?" माणूस वाईट नव्हता, पण तीस वर्षं कात्रीवर काढलेली. मला मात्र ते पटेना. रविवारी मी मुलुंडला मामाकडे गेले. मामा वकील. समोर भिजवलेल्या वालांचं भांडं घेऊन बिरड्यासाठी वाल सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"मंडळानं तिला पगारावर ठेवलं होतं?" मामानं विचारलं.

"नाही रे."

"हक्क दिल्याचं काही लिहून घेतलं होतं?"

"चाळीच्या मंडळात कोण लिहून घेतंय?"

"मग लेख तिचाच. मंडळानं एकदा छापला, तेवढंच. जे त्यांचं नव्हतं, ते त्यांनी तुला दिलं आणि तू घेतलंस."

"पण तिनं कुठे कॉपीराइटची नोंदणी केली होती?"

"लागतच नाही. लिहून झालं की हक्क आला. नोंदणी असली तर पुराव्याला बरी, एवढंच."

"मी खाली साभार छापलं होतं, मामा."

"ती सभ्यता झाली. परवानगी वेगळी." त्यानं चार वाल माझ्याकडे सरकवले. मीही सोलायला लागले.

मग मी जरा तावातावानं विचारलं, की असं असेल तर पेपरवाल्यांनी लिहायचं तरी काय? गिरणीवाल्यांबद्दल तर सगळेच लिहीत होते.

"लिहा ना. संप झाला, माणसं घरी बसली, याच्यावर कुणाची मालकी नाही. तू वाकोल्याला जाऊन तिच्या बाबांशी बोलली असतीस आणि आपल्या शब्दांत लिहिलं असतंस, तर ते तुझं झालं असतं. स्मरणिकेचं परीक्षण करून त्यात तिच्या दोन ओळी दिल्या असत्यास, तरी कुणी काही म्हटलं नसतं. तू अख्खा लेख उचललास. आणि खरी चूक तीही नाही." तो थांबला. "तिनं उद्या हक्क विकून टाकला, तरी तिचं लेखन मोडूनतोडून तिच्या नावाला कमीपणा येईल असं कुणाला करता येत नाही. त्याचं कायद्यात वेगळं कलमच आहे. तू तिच्या तोंडी खोटं घातलंस, पोरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाकोल्याला गेले. चाळ शोधायला वेळ लागला. मला दारात बघून तिनं कपाळाला आठी घातली, पण आत घेतलं. तिचे बाबा रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. मी त्यांना सांगितलं, की ते वाक्य तुमच्या मुलीनं लिहिलेलं नाही, मी लिहिलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे.

"संपात रडणारे खूप होते," ते म्हणाले. "माझ्या बाजूच्या साच्यावरचो तर रोज रडा. त्येची लाज नाय. पण मी तेवा रडूक नाय. जा झाला ता लिवूचा."

मी मान हलवली. त्यांनी डबा उचलला, चपला घातल्या आणि जाताना मुलीला म्हणाले, "चाय दी तिका."

चहा पिताना तिनं विचारलं, "तुम्ही कधी स्वतःचं काही लिहिता का?" मी म्हटलं, आठ पानं भरण्यात वेळच उरत नाही. ती म्हणाली, "लिहा. मग कळेल." बोलली सरळच, पण त्यात राग नव्हता.

संपादकांना पटवायला दोन दिवस गेले. दिलगिरी छापली की सगळे रांग लावून येतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी त्यांना कार्बन कॉपी आणि आमचा अंक शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी पेन काढलं. दिलगिरीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, पहिल्या पानावर घेतला, आणि तिचा लेख पुढच्या अंकात पूर्ण छापायचं ठरवलं. त्यासाठी तिची लेखी परवानगी आणली. तिनं ती टाइप करून दिली, एका अटीवर : प्रूफ तिनं बघायचं. ती बघायला आली तेव्हा तिला एकच चूक सापडली, तीही तिची स्वतःचीच, एक ऱ्हस्व-दीर्घ.

दिवाळीत गंमत झाली. एका बऱ्यापैकी नाव असलेल्या अंकानं तोच लेख आमच्याकडून उचलला आणि खाली आमच्या साप्ताहिकाचं नाव देऊन 'साभार' छापलं. संपादक खवळले. "विचारलं नाही, काही नाही! पत्र लिही त्यांना, आमचा लेख म्हणून."

"आपला नाहीये तो," मी म्हटलं. "पत्र तिनं लिहायला हवं."

मी तिला फोन केला. ती हसली. "पूर्ण छापलाय?"

"पूर्ण."

तिनं पत्र पाठवलं. आपली परवानगी घेतली नव्हती हे स्पष्ट लिहिलं आणि दोन प्रती मागितल्या. त्या अंकाचे संपादक वयस्कर गृहस्थ. ते स्वतः बस पकडून वाकोल्याला गेले, तिची माफी मागितली आणि पुढच्या वर्षीच्या अंकासाठी नवीन लेख मागितला. तिनं विचार करून सांगते म्हटलं. पुढे तिनं लिहिला तो मिठी नदीकाठच्या तबेल्यांवर. मला अजिबात न दाखवता.