देवाला डावा हात

माझ्या सात वर्षांच्या बहिणीचा डावा हात जन्मापासून आखडलेला आहे. मूठ कायम आवळलेली. व्यायाम म्हटलं की ती रडते, म्हणून फिजिओथेरपिस्टने खेळ सांगितले. आमच्या बर दुबईच्या फ्लॅटमध्ये वर्षभर तेच चाललंय. कणकेच्या गोळ्यात लपवलेले मणी डाव्या हाताने शोधायचे, आंघोळीला स्पंज पिळून मला भिजवायचं. आत्ता कुठे तिची बोटं आपणहून उघडायला लागली होती.

इथल्या मराठी मंडळात मुलांसाठी शाडूचे गणपती करायची कार्यशाळा होती. शाडू कणकेपेक्षा घट्ट, तिच्या हाताला चांगला, म्हणून मीच तिला घेऊन गेले. गर्दीत मला बोलायला जमत नाही. मी तिच्या मागे खुर्ची ओढून बसले. तिने डावा हात गोळ्यावर टेकवला आणि अंगाचा भार दिला. बोटं हळूहळू मातीत रुतली.

तेवढ्यात शिकवणाऱ्या काकू आल्या. "बेटा, देवाला डावा हात नाही लावायचा," म्हणत त्यांनी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. मूठ मिटली. "राहू दे, तुला त्रास होतो. मी करून देते. यल्ला, चल पटकन."

बघता बघता सोंड, कान, मोदक तयार. मग तिला मूर्तीशेजारी बसवून फोटो.

"आय डिडन्ट मेक इट," बहीण म्हणाली.

"सो स्वीट," काकू म्हणाल्या, तिच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.

माझे कान तापले. ज्या हाताची आम्ही वर्षभर मनधरणी करतोय, तो या बाईंना अशुभ वाटतो. आणि वर दया. दया मला जास्त झोंबली.

"अजून माती आहे?" मी विचारलं.

"खलास गं. झाला की तिचा गणपती."

मी मूर्ती उचलून बहिणीपुढे ठेवली. "मोड. लेफ्ट हँडने."

"अगं, देव आहे तो."

"प्राणप्रतिष्ठा कुठे झालीय, काकू? अजून मातीच आहे." माझा आवाज चिरकला. शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. बघू देत.

बहिणीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग डावा हात सोंडेवर आणला. काकू तिचं मनगट धरायला वाकल्या, तेव्हा मी मध्ये माझा हात घातला आणि तसाच ठेवला. खूप वेळ लागला. मी मदत केली नाही. सोंड वाकली, चपटी झाली, आणि तिची बोटं काकूंनी केलेल्या गणपतीच्या गुळगुळीत पोटात शिरली.