पाऊण इंच

उर्मिलाकडे मापाचा ब्लाउज चालत नाही. आमच्या इंद्रलोक वसाहतीत राहायला आलेली प्रत्येक नवी बाई पहिल्या खेपेला पिशवीतून जुना ब्लाउज काढते आणि उर्मिला तो घडीही न मोडता परत करते. गुजराती शेजारणींना म्हणते, "भाभी, पुराना ब्लाउज नहीं चलेगा, आप खडी रहो." आपल्या लोकांना म्हणते, "उभ्या राहा, दोन मिनिटं लागतील." दर खेपेला नवं माप, तारीख घालून, वहीत. मी सरकारी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पगारी धंदा होता आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. उर्मिलाच्या शिवणात मात्र मला कधी काही सापडलं नाही, त्याचा थोडा रागच यायचा.

चौऱ्याण्णव साली ती परळहून इकडे आली. नवरा हरिश्चंद्र कुरियर कंपनीत. तळमजल्यावरच्या घराची गॅलरी बंद करून तिथं तिनं मशीन टाकलं. बोलणं बेताचं. कोणाची कंबर सुटली, कोणाला दिवस गेलेत, कोणाचा एक खांदा उतरलाय, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं, पण तिच्या तोंडून अवाक्षर निघत नसे. "बाईच्या अंगातलं बाईला आपण सांगू नये, ते तिला आरसा सांगतो," असं तिचं म्हणणं. उतरलेल्या खांद्याला ती आतून पातळ पॅड लावायची, टक्स जरा सरकवायची, आणि आम्ही होतो त्यापेक्षा बऱ्या दिसायचो. आरशात पाठ दिसत नाही, हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि आमच्याही.

कमळाबाई तिच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या चिपळूणकडच्या, साठी ओलांडलेल्या. मुलगा बुद्धभूषण आणि सून, तिघांचं घर. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी पांढरी साडी आणि त्यावर उर्मिलानं शिवलेला नवा पांढरा ब्लाउज. त्यांची पाठ दोन हजार एकपासून वाकू लागली होती. पुढची उंची दरवर्षी थोडी कमी भरे, मागची थोडी वाढे. उर्मिला मागचा गळा जरा वर घ्यायची, शिवण बेतानं वळवायची, आणि मानेखालचा उंचवटा दिसेनासा व्हायचा. कमळाबाई ब्लाउज घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या हाताला यश आहे गं. मी अजून ताठ दिसते." उर्मिला खूश, कमळाबाई खूश.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात कमळाबाईंनी पाण्याची बादली उचलली आणि पाठीत असं काही भरलं की त्यांना खाली बसता येईना. एक्स-रे काढला. दोन मणके खचलेले होते, आणि ते आजचे नव्हते, जुने होते. हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी त्याच फिल्मवर मणक्यांच्या पुढची एक पांढरी रेघ दाखवली. ती मोठी रक्तवाहिनी होती, तिच्यात चुना साचला होता. त्यांनी हृदयाची तपासणी लिहून दिली आणि पुढच्या सोमवारची वेळ मिळाली. कमळाबाई शनिवारी सकाळी चहा पिता पिता गेल्या. हृदयविकाराचा झटका होता.

बुद्धभूषण उर्मिलाला मावशी म्हणायचा. पंधरवड्यानं तो तिच्या गॅलरीत येऊन बसला. "मावशी, डॉक्टर म्हणाले, पाठ पाच-सहा वर्षं वाकतेय. तेव्हाच आणलं असतं तर हाडांचंही झालं असतं आणि हृदयाचंही तेव्हाच कळलं असतं. आम्हाला कसं दिसलं नाही तेच कळत नाहीये." तो बिचारा सहज बोलला. तो गेल्यावर उर्मिलानं वही उघडली. त्याला जे दिसलं नव्हतं ते तिच्या अक्षरात, तारखेनिशी, पानभर लिहिलेलं होतं. आठ दिवस तिचं मशीन बंद राहिलं. हरिश्चंद्र येणाऱ्या बायकांना सांगे, "बरं नाहीये तिला."

हे सगळं मला तेव्हा अर्धवटच माहीत होतं. पुढच्या वर्षी माझ्या कौस्तुभचं लग्न ठरलं आणि मी नारायणपेठी घेऊन तिच्याकडे गेले. तिनं माप घेतलं, पुन्हा घेतलं, टेप गळ्यात टाकली आणि मला म्हणाली, "ताई, बसा जरा. तुमची पुढची उंची सात वर्षांत पाऊण इंच कमी झालीय. मागची वाढलीय. पाठ वाकतेय तुमची. तुम्ही हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन या. आणि हृदयाचंही बघायला सांगा."

मी अठ्ठावन्न वर्षांची. डोक्यावर बेताचेच पांढरे केस. मुलाच्या लग्नात मिरवायला निघालेली. आणि ही शिवणारी बाई मला हृदयाचं सांगतेय. मी म्हणाले, "कमळाबाईंचं तुझ्या मनाला लागलंय, कळतं मला. पण ते माझ्यावर नको काढूस. तेव्हा तोंडाला कुलूप होतं, आता सुटलं का?"

मी साडी उचलली आणि वर निघून आले. बोलताना मला माहीत होतं की हे शब्द तिला कुठे लागतील, आणि तरी मी ते बोलले. आज लिहितानाही लाज वाटते.

चार दिवसांनी बेल वाजली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर. उर्मिला दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिच्या हातात कागद होता. माझी सात वर्षांची मापं तिनं वहीतून उतरवून आणली होती. "ब्लाउज कुणाकडेही शिवा, ताई. एवढं डॉक्टरला दाखवा." मग जायला वळली आणि थांबली. "आणि तुम्ही जिना चढताना हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबता. खाली मला चपला थांबलेल्या ऐकू येतात. पूर्वी थांबत नव्हता."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. वजन वाढलंय, वय झालंय, असं स्वतःला समजावत होते. ती गेल्यावर मी तो कागद वाचायला घेतला, जन्मभर वाचले तसा, एकेक ओळ बोटानं धरून. दरवर्षी एखादं सूत कमी. ओळीत कुठे चूक नव्हती. चूक माझ्या पाठीत होती आणि ती मला सापडली नव्हती. मी घाबरले, हे सरळ सांगते.

डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "हे कोणत्या लॅबचं?" मी म्हणाले, "टेलरचं." ते हसले नाहीत. एक्स-रेमध्ये माझा एक मणका पुढून दबलेला होता आणि त्याच्यापुढे तीच पांढरी रेघ होती. ते म्हणाले, "हाडातला चुना उठून रक्तवाहिनीत जातो, इतकं हे सोपं नाही. पण पाळी गेल्यावर या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीनं येतात. ठिसूळ हाडं दिसली की मी हृदयाकडे बघितल्याशिवाय सोडत नाही." मग विचारलं, "कॅल्शियम घेता?" भिशीतल्या अंबिकानं सांगितलं म्हणून मी रोज तीन गोळ्या घेत होते, मोठ्या अभिमानानं. त्यांनी एकीवर आणल्या. दूध, नाचणी आधी मोजा म्हणाले. जास्तीच्या गोळ्यांनी हृदयाला धोका वाढतो की काय, यावर परदेशात वाद चाललाय, आपण उगाच कशाला भर घालायची. हाडांसाठी आठवड्याची गोळी दिली. रविवारी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी पूजेला बसल्यासारखी ताठ बसते, आणि कौस्तुभ तेवढा वेळ पेपर वाचून दाखवतो.

हृदयाच्या तपासणीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली. जाळी बसवावी लागली. घरी आल्यावर जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण सवयीनं. दम लागला नव्हता.

मला माफी मागता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी साडी आणि डॉक्टरांचे कागद एकदमच उर्मिलाच्या टेबलावर ठेवले. तिनं हात पुसून कागद वाचले. "जाळी बसवली?"

"बसवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात."

ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. "सहा वर्षं मी त्यांची पाठ झाकत होते, ताई. वर त्या मला आशीर्वाद द्यायच्या."

मी तिचा हात धरला. "तू बोललीस म्हणून मी इथं बसलेय. आणि मी तुला लागेल असं बोलले, ते माझं चुकलं." निघालं एकदाचं तोंडातून.

तिनं डोळे पुसले, मला उभं केलं आणि माप घेतलं. या वेळी प्रत्येक आकडा मला ऐकू जाईल असा म्हणाली. "पुढची पावणेचौदा. मागची साडेचौदा." मग कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि विचारलं, "ताई, पाठ झाकू का?"

मी विचार केला. विहीणबाई येणार, फोटो निघणार. "झाक," मी म्हणाले. "मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. लग्नात कशाला दाखवायची?"

तिनं मागच्या गळ्याची रेघ जरा वर ओढली.

"कमळाबाईंनीही हेच सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."