दुसरं पाणी

इनक्यूबेटर उघडण्याआधी नाना त्याच्या दारावर दोन टिचक्या मारायचे. आत बाटल्यांमध्ये डासांच्या पेशी वाढत असत आणि त्या पेशींत डेंग्यूचा विषाणू. "कोनाच्या घरात शिरायचं तं आधी खाकरावं," हे त्यांचं शास्त्र. मी हसलो तर म्हणाले, "हास बापा. तुमच्या साक्रीत दारं नसतीन."

नाना आमच्या धुळ्याच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. गाव असोदा, घरची केळी. शनिवारी दुपारच्या एसटीने गावी, सोमवारी सकाळी परत. मी साक्रीचा, तिथला संशोधक विद्यार्थी; पदव्या त्यांच्यापेक्षा जास्त, अक्कल बेताची.

एका शनिवारी ते गेले आणि मला शौर्य सुचलं. एका रुग्णाच्या रक्तातला विषाणू दोन बाटल्यांत वाढत होता. रक्ताचा नमुना संपला होता, रुग्ण बरा होऊन घरी गेला होता. त्या दोन बाटल्या म्हणजेच माझी पीएचडी. माझी समजूत अशी, की पोत्यात कापूस ठासावा तसा विषाणू पेशीत भरलेला असतो. म्हणून दोन्ही बाटल्यांतलं पेशींवरचं पोषक पाणी मी ब्लीचमध्ये ओतलं, पहिल्या बाटलीतल्या पेशी खरवडून फोडल्या आणि फुशारकी मारायला नानांना फोन केला.

नानांनी आधी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या, मग विचारलं,

"दुसऱ्या बाटलीतल्या पेशी चिकटेल हायेत का?"

"आहेत."

"मंग तिच्यात ताजं पानी घाल, जागेवर ठेव अन् घरी जाय. कशालेच हात लावू नको. भिंतीलेबी नको."

रविवारी पहिल्या गाडीने नाना हजर. काय चुकलं ते न कळून मी रडकुंडीला आलेलो.

"आमची केळी झाडावर पिकू देतो का आम्ही? हिरवी कापतो, ती वाटेवर पिकते. ह्याचंबी तसंच. पेशीत पाहशीन तं बराच माल कच्चा."

मग त्यांनी नीट सांगितलं. पेशीत तयार होणाऱ्या विषाणूवर टोपणं असतात. बाहेर पडायच्या वाटेवर पेशीचीच एक कात्री ती छाटते, बाहेर पाण्यात आल्यावर ती गळतात, आणि तेव्हा कुठे तो दुसऱ्या पेशीत शिरण्याजोगा होतो. थोडक्यात, मी पिकलेला घड फेकून कच्चा जपून ठेवला होता.

"आता?"

"डासाची पेशी लई सोशिक. माल धाडते, पन फुटत नही. जित्ती हाये तोवर धाडीन. दोन दिवस दम धर."

मंगळवारी एका तबकडीत वेगळ्या पेशींच्या थरावर एकीकडे फोडलेल्या पेशींचा रस, दुसरीकडे नव्या पाण्याचे थेंब टाकले. विषाणू जिथे लागेल तिथे त्या थराला भोक पडतं. भोकं दिसायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात मी नोकरीच्या जाहिराती वाचल्या. शेवटी नानांनी तबकडी खिडकीशी धरली. फोडलेल्या पेशींच्या रसाखाली चार-दोन भोकं, नव्या पाण्याखाली नुसती चाळणी. मी खुर्चीत बसलो. खुर्ची नानांची होती, पण त्यांनी उठवलं नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "उशीर का झाला?"

"पिकू दिलं मॅडम," नाना म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आता ते निवृत्त होऊन असोद्याला असतात. ते नवं पाणी भरलेल्या फ्रीझरमधल्या कुप्यांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'दुसरं पाणी'. नवे विद्यार्थी विचारतात, "सर, मग पहिलं कुठाय?" नानांनी ते कुणालाच कधी सांगितलं नाही, त्यामुळे दर वर्षी मलाच सांगावं लागतं.