कंपनीची भाकर

आमचे महिपतीकाका उर्से गावचे, नाकासमोर चालणारे शेतकरी. कुणाचं मन मोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. डोंबलाचा बाणा! त्यापायीच त्यांची मान खाली गेली. सांगताना त्यांचे डोळे भरायचे आणि मला त्यांचा रागच यायचा.

सन तीसच्या सुमाराला ते लोणावळ्यात एका बंगल्यावर बैलगाड्यानं पाणी भरायचे. उन्हाळ्यात तिथं गोरे पाद्री राहायला येत. सरपण आणायचा नवशा ठाकर, डोंगरातल्या वाडीवरचा. एकदा चढावर भरला गाडा मागं घसरला. नवशानं चाकाला खांदा दिला म्हणून काका वाचले. तेव्हापासून दोघांची गट्टी. दुपारी जांभळीखाली शेजारी बसायचे. नवशा काकांना आबा म्हणायचा आणि त्यांच्यासाठी रोज एक नाचणीची भाकर वेगळी आणायचा. "घ्या आबा, बायानं तुमच्यासाठी थापलीय." बाया म्हणजे त्याची बायको.

ठाकराच्या हातचं खायची आमच्यात रीत नव्हती. काकांची खायची छाती नव्हती, नको म्हणायचीही नव्हती. ते भाकर दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, "मागनं खातो" म्हणत आणि गाड्याआड जाऊन हरण्या बैलाला चारत. बैलाच्या मुखी गेलं म्हणजे अन्नाचा अपमान नाही, म्हणे! अहो, आणि माणसाचा?

एके दुपारी मराठी शिकणारा इटलीचा पाद्री तिथं आला. "तुम्ही भाऊ भाऊ?" त्यानं विचारलं.

"न्हाई सायेब, आमची कंपनी हाय," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी धरणाच्या कामावर उचलला होता.

पाद्री खूश झाला. "हा तर आमचा शब्द! जुन्या लॅटिनमधला. कोम म्हणजे बरोबर, पानिस म्हणजे भाकर. एक भाकर वाटून खाणारे. आम्ही सोबत्याला कोम्पान्यो म्हणतो, स्पेनमध्ये कोम्पान्येरो. तुमचा पावसुद्धा त्याच पानिसच्या घरचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला."

"मंग खरंच हाय की!" नवशा हरखला. "आबा रोज माझीच भाकर खात्यात." दाखवायला त्यानं फडक्यातून ती काढली. तेवढ्यात त्या दिवशी जांभळीलाच बांधलेला हरण्या दावं ताणत पुढं आला आणि हक्काची असल्यासारखी त्याच्या हातातून भाकर ओढून खाऊ लागला.

"हा तिसरा कोम्पान्यो!" पाद्री पोट धरून हसला. नवशा हसला नाही. त्यानं बैलाकडं बघितलं, मग काकांकडं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरची शिदोरी नेलीच नाही. रीत गेली चुलीत, आज नवशाच्या समोर त्याचीच भाकर खायची, असं ठरवून उपाशी बसले. नवशा आला. मोळी टाकली, फडकं सोडलं. काकांनी दोन्ही हात पुढं केले.

नवशा त्यांच्या पुढून गेला आणि भाकर मोडून हरण्याला चारू लागला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," तो म्हणाला, "तुमच्या हाताला उगा तरास."