नाळेवरचं कडं

दादाची शिडाची होडी आमच्या बाबांच्या वेळची. यंदा ती पाण्यात लोटण्याआधी होड्या दुरुस्त करणारे इब्राहीमचाचा एकेक कडी तपासत होते. चांगलं लोखंड खणखणतं, म्हणून ते छोट्या हातोडीने ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. दोन्ही बाजूंच्या कड्या ठण्ण वाजल्या. मग ते होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी आले. डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार तिथल्या कड्यात अडकते. ते कडं वाजलंच नाही, नुसतं थप्प झालं.

"ह्याची पूजा कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"मी." दर नारळी पौर्णिमेला मी त्या कड्यावर रंगाचा एक हात देते आणि हळदकुंकू वाहते.

"मग ताई, तुम्हीच खरवडा."

रंगाचे पापुद्रे सुटत गेले. खाली ओलसर, तांबडा भुगा होता, अगदी कुंकवासारखा. याच्या भरवशावर दादा वर्षभर वाऱ्यात जात होता, आणि मी इथे नुसते हात जोडत होते.

गावी एकट्या राहणाऱ्या आईलाही मी रोज विचारते, "बरी आहेस ना?" ती हो म्हणते, की मी निश्चिंत.

चाचा पुढच्या कडीकडे वळले. "जरा थांबा," म्हणत मी आईला फोन लावला.

"बरी आहे गं," ती म्हणाली.

मी डोळे मिटून ऐकत राहिले.